शेवटच्या सामन्याचे मोल



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या यशाची गाथा ऐकायला मिळावी, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ढाली, करंडक, गुणवत्ता यादीतील नावे यांचा उल्लेख या समारंभात होईलच. परंतु साठ वर्षांत कोणत्याही शाळेचे संघ सामने जिंकतात, तसे अनेक सामने हरतातही. त्या हरण्याची नोंद कोणत्याही फलकावर होत नाही. म्हणून आजचा विषय जिंकण्याचा नाही, हरण्याचा आहे. आणि त्यातही एका विशेष प्रकारच्या हरण्याचा. हरल्यामुळे लाभ होत असेल, तर माणसाने काय करावे?

मराठी माणसाला लखनौ ओळखीचे झाले ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांनी तेथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले; आज त्याचे विद्यापीठ झाले असून त्याला त्यांचेच नाव आहे. लखनौची दुसरी ओळख म्हणजे तेथील अदब. ‘पहले आप, पहले आप’ म्हणत दोन नबाब फलाटावर उभे राहिले आणि गाडी निघून गेली, ही गोष्ट सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली असते. दुसऱ्याला पुढे जाऊ देण्यातही एक प्रतिष्ठा असते, असे मानणारे हे शहर. आजच्या विषयाचा प्रारंभ याच शहरात होतो.

२७ मे २०२५ ची रात्र. लखनौच्या एकाना मैदानावर आयपीएलच्या साखळी फेरीचा शेवटचा सामना होता. यजमान लखनौ सुपर जायंट्सचे आव्हान आधीच संपुष्टात आले होते. हा सामना जिंकला असता तरी त्यांना बाद फेरीत जागा मिळणार नव्हती. सहावा क्रमांक की सातवा, एवढाच काय तो फरक. समोर बंगळुरूचा संघ होता आणि त्याच्यासाठी मात्र सामना मोठ्या मोलाचा होता. जिंकला तर पहिल्या दोघांत स्थान, म्हणजे अंतिम फेरी गाठण्याच्या दोन संधी. हरला तर एकच.

लखनौचा कर्णधार ऋषभ पंत. आदल्या नोव्हेंबरच्या लिलावात त्याला २७ कोटी रुपये मोजून घेतले होते; त्या स्पर्धेच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी बोली. आणि हंगामभर त्याची बॅट रुसलेली. त्या दिवसापर्यंत साऱ्या हंगामात मिळून त्याच्या नावावर जेमतेम दीडशे धावा होत्या. टीकाकारांनी प्रत्येक धावेचा भाव काढून दाखवला होता. ज्या सामन्यातून काहीच मिळायचे नव्हते, त्या सामन्यात पंतने ६१ चेंडूंत नाबाद ११८ धावा काढल्या. शतक पूर्ण होताच त्याने मैदानावर कोलांटी उडी मारली. संघाची धावसंख्या झाली ३ बाद २२७.

एवढ्या धावा पुरेशा ठरायला हव्या होत्या, ठरल्या नाहीत. बंगळुरूचे नेतृत्व त्या दिवशी जितेश शर्माकडे होते. हा जितेश आपल्या अमरावतीचा, विदर्भाच्या संघातून पुढे आलेला. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि आठ चेंडू राखून सामना जिंकून दिला. अखेरच्या षटकांत एक प्रसंग घडला. लखनौचा गोलंदाज दिग्वेश राठी याने चेंडू न टाकता, क्रीज सोडून पुढे गेलेल्या जितेशला दुसऱ्या टोकाला धावबाद करण्याचा प्रयत्न केला. प्रकरण तिसऱ्या पंचांकडे गेले आणि निर्णय नाबाद असा लागला. पण पंतने ते अपीलच मागे घेतले. जितेशने पाठीमागून येऊन त्याला आलिंगन दिले.

या प्रसंगातील बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. पंतने अपील सोडले, सामना सोडला नाही. ‘पहले आप’ म्हणण्याची जागा कोणती आणि म्हणू नये ती जागा कोणती, हे त्या रात्री लखनौच्या मैदानावर स्पष्ट दिसले. अदब म्हणून सोडणे वेगळे आणि लाभासाठी सोडणे वेगळे.

आता कोणी विचारील, लखनौला हरण्यात लाभ तरी काय होता? उत्तर असे, की काहीच नव्हता. हेच महत्त्वाचे आहे. कारण जगात अशी एक मोठी स्पर्धा आहे, की जिथे तळाच्या संघाला हरण्यात खरोखरच लाभ असतो.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची स्पर्धा, एनबीए, हंगामात प्रत्येक संघाला ८२ सामने खेळायला लावते. हंगाम संपला, की महाविद्यालयांतून आणि परदेशांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची वाटणी होते. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. यात लिलाव नसतो. संघांची पाळी लावली जाते आणि आपल्या पाळीला प्रत्येक संघ एक खेळाडू उचलतो. २०१५ साली पंजाबच्या सतनामसिंगला डॅलसने ५२ व्या पाळीला उचलले, तेव्हा भारतात जन्मलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचे नाव आपल्याकडेही गाजले. ही पाळी ठरते उलट्या क्रमाने. जो तळाला, त्याला आधी संधी.

या नियमामागील हेतू उदात्त आहे, हे आधी मान्य करायला हवे. पंगतीत वाढताना आई अशक्त मुलाच्या ताटात एक पोळी जास्त घालते. त्यात पक्षपात नसतो, न्याय असतो. दुबळ्या संघाला चांगला खेळाडू मिळाला, तर पुढच्या वर्षी तो सावरेल, स्पर्धा रंगतदार राहील आणि त्या गावच्या मुलांनाही कधीतरी जिंकण्याचा आनंद मिळेल. नियमाचा विचार हा असा आहे.

पण पोळी अशक्ताला मिळते हे कळल्यावर घरातील एखादा धडधाकट मुलगाही कण्हू लागतो. हंगामाचे वीस-पंचवीस सामने उरलेले असतात, बाद फेरीची आशा मावळलेली असते आणि संघाच्या कार्यालयात गणित मांडले जाते. आता जिंकून काय मिळणार? हरलो तर पाळी वर सरकेल. मग उत्तम खेळाडूच्या गुडघ्याची किरकोळ दुखणी एकाएकी गंभीर होतात, नवख्यांना मैदानावर उतरवले जाते आणि पराभवांची रांग लागते.

१९८४ साली ह्यूस्टनच्या संघावर असाच संशय आला. त्या काळी दोन विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होई. ह्यूस्टनने ती जिंकली आणि हकीम ओलाजुवॉन हा थोर खेळाडू मिळवला. आरडाओरड झाली आणि १९८५ पासून नाणेफेकीच्या जागी सोडत आली. मग सोडतीतही तळाच्या संघाच्या बाजूने झुकते माप आले. झुकते माप आले तसा मोहही परत आला. फिलाडेल्फियाच्या संघाने तर हे धोरण म्हणूनच स्वीकारले. २०१३ पासून तीन हंगामांत त्यांनी अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. ८२ पैकी दहा! त्यांच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे, की आजची ही हार उद्याच्या विजेतेपदाची गुंतवणूक आहे. या गुंतवणुकीतून त्यांना मोठे खेळाडू मिळाले, हे खरे. परंतु २०२५ पर्यंत हा संघ आपल्या विभागाच्या अंतिम फेरीतही पोहोचू शकलेला नाही.

शेवटी २०१९ पासून नियम पुन्हा बदलला. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पाळीची सारखीच, १४ टक्के शक्यता ठेवण्यात आली. तरीही मोह संपला नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये डॅलसच्या संघाने, पुढे जाण्याची थोडीशी आशा शिल्लक असतानाही, महत्त्वाच्या खेळाडूंना बसवून ठेवले. त्यांना साडेसात लाख डॉलर दंड झाला. दैवाची गंमत अशी, की २०२५ च्या सोडतीत त्याच डॅलसची शक्यता अवघी १.८ टक्के होती आणि पहिली पाळी त्यांनाच लागली. सर्वांत जास्त हरलेल्या, ८२ पैकी १७ च सामने जिंकलेल्या युटाच्या वाट्याला पाचवी पाळी आली. तळाच्या संघाला याहून खालची पाळी लागूच शकत नव्हती. हरण्याचा भाव लावणाऱ्यांना सोडतीच्या चेंडूंनी दिलेले हे उत्तर आहे.

या साऱ्यात एक गोष्ट डोळ्यांआड होते. मैदानावर उतरलेला खेळाडू मुद्दाम हरत नसतो. त्याचा करार लहान मुदतीचा असतो, त्याच्या प्रत्येक मिनिटावर त्याचे पोट अवलंबून असते, तो जीव तोडूनच खेळतो. हरण्याचा निर्णय कार्यालयात होतो आणि हरण्याचा डाग अंगावर घेतो तो खेळाडू. निर्णय मोठ्यांचा, घाम लहानांचा. हे वाक्य पालकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्याकडे खेळाडूंची अशी पाळी लावण्याचा प्रसंग एकदा आला होता आणि त्यात पुण्याचे नाव होते. सट्टेबाजीच्या प्रकरणावरून न्यायमूर्ती लोढा समितीने २०१५ साली चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षे बाहेर ठेवले. त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट हे संघ आले. डिसेंबर २०१५ मध्ये निलंबित संघांच्या खेळाडूंमधून दोघांनी आळीपाळीने पाच-पाच खेळाडू निवडले. पहिली पाळी पुण्याची होती आणि पुण्याने महेंद्रसिंग धोनीला घेतले. राजकोटने सुरेश रैनाला. पण पुण्याला पहिली पाळी हरल्यामुळे मिळाली नव्हती. त्यांचा संघ तोवर एक चेंडूही खेळला नव्हता. संघ घेण्यासाठी लावलेल्या बोलीच्या क्रमावरून ती ठरली होती. पुण्याचा हा संघ दोन वर्षांनी थांबला. २०२१ साली त्याच उद्योगसमूहाने ७,०९० कोटी रुपयांना लखनौचा संघ घेतला. त्या लखनौलाही लिलावापूर्वी तीन खेळाडू निवडण्याची मुभा मिळाली, तीही नवा संघ म्हणून. एरवी या स्पर्धेत सर्वांच्या थैलीची मर्यादा सारखी असते. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला, दोघेही लिलावाला सारख्याच नियमाने बसतात. म्हणून २७ मेच्या रात्री लखनौला हरण्याचा मोह पडण्याचे कारणच नव्हते.

मोह नसताना सरळ वागणे सोपे असते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. नियम करणाऱ्यांचे पहिले कर्तव्य हेच, की सरळ वागणाऱ्याला मूर्ख ठरवणारा नियम करू नये. पण सगळे नियम माणसांनीच केलेले असतात आणि त्यांत फटी राहतात. फट दिसल्यावर माणूस कसा वागतो, हा दुसरा प्रश्न. त्याचे उदाहरण बॅडमिंटनमध्ये सापडते आणि ते आपल्या काळजाजवळचे आहे.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीचे सामने प्रथमच गटवार साखळी पद्धतीने ठेवले होते. ३१ जुलै रोजी चार जोड्यांच्या लक्षात आले, की गटातला शेवटचा सामना हरलो तर पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळतो. चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक. जगातल्या अव्वल खेळाडू सर्व्हिस जाळ्यात मारू लागल्या, सोपे फटके बाहेर घालवू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी आठही जणींना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले.

त्याच स्पर्धेत भारताची ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा ही जोडी होती. त्यांच्या गटात जपानची जोडी तैवानच्या जोडीकडून हरली आणि गुणांच्या अगदी थोड्या फरकाने आपल्या मुलींची उपांत्यपूर्व फेरी हुकली. त्या सामन्याबद्दल भारताने तक्रार केली, ती मान्य झाली नाही. जपानच्या जोडीने काही गैर केले असे सिद्ध झाले नाही, म्हणून त्यांच्यावर आरोप करणे योग्य नाही. मात्र त्या दिवशी आपल्या दोघींची अवस्था काय झाली असेल, याचा विचार करावा. आपला निकाल दुसऱ्यांच्या सामन्यात लागणार होता. त्या सामन्यातल्या चौघी मनापासून खेळतील, एवढ्याच विश्वासावर त्यांना विसंबायचे होते.

विषयाचे मर्म इथे आहे. ‘आम्ही हरलो तर तुमचे काय गेले?’ असे मुद्दाम हरणारा विचारतो. समोरच्याचे काहीच जात नाही. त्याला तर विजय मिळतो. जाते ते तिसऱ्याचे. त्या सामन्यात जो नसतो, पण ज्याचे भवितव्य त्या सामन्यावर टांगलेले असते, त्याचे. लखनौच्या त्या रात्री असा तिसरा होता गुजरातचा संघ. बंगळुरू हरले असते, तर पहिल्या दोघांतली जागा गुजरातची होती. लखनौ हरले, बंगळुरू वर गेले आणि पुढे ३ जूनला अठराव्या हंगामात त्यांनी पहिल्यांदा करंडक उचलला. गुजरात मात्र बाद फेरीचा पहिलाच सामना हरून घरी गेले. तरीही लखनौकडे बोट दाखवण्याचे कारण कोणाला उरले नाही, कारण ज्यांना काहीच मिळणार नव्हते त्यांनी २२७ धावा उभ्या केल्या होत्या. पंतचे शतक लखनौच्या काहीच कामी आले नाही. ते एका परीने गुजरातचे देणे होते आणि ते पुरेपूर चुकवले गेले.

लंडनच्या कथेला एक उत्तरार्ध आहे. काढून टाकलेल्या आठ जणींत इंडोनेशियाची ग्रेशिया पोली होती. ती खेळत राहिली. नऊ वर्षांनी, टोकियोमध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तिने आपल्याहून लहान जोडीदारीण अप्रियानी राहायू हिच्यासह सुवर्णपदक जिंकले. लंडननंतर बॅडमिंटनच्या नियमांतही दुरुस्ती झाली; गटफेरी संपल्यावर पुढच्या लढतींसाठी पुन्हा सोडत काढली जाऊ लागली, म्हणजे हिशेबाने हरून प्रतिस्पर्धी निवडता येऊ नये. नियमही सुधारला आणि माणूसही. शाळेच्या दृष्टीने दुसरी सुधारणा मोलाची, कारण शाळेचे काम नियमावलीपेक्षा माणसांशी अधिक असते.

आता हा विषय आपल्या अंगणात आणून ठेवू या. शालेय स्पर्धा वयोगटांनुसार होतात. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, अशी मर्यादा असते. लहानाला मोठ्यापुढे उभे राहावे लागू नये, हा तिचा हेतू. पुन्हा तीच आईची पोळी. आणि पुन्हा तोच मोह. जन्मतारीख वर्षभर पुढे सरकवता येईल का, मुलाला एक वर्ष त्याच इयत्तेत ठेवता येईल का, असे प्रश्न गावोगावच्या शाळांच्या कार्यालयांत विचारले जातात. विचारणारे वाईट नसतात. मुलाचे भले व्हावे, एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु तो मुलगा जेव्हा चौदा वर्षांखालच्या शर्यतीत पहिला येतो, तेव्हा चौथ्या आलेल्या मुलाचे पदक त्याच्या गळ्यात अडकलेले असते. तो चौथा मुलगा कार्यालयात नसतो. त्याचे पालकही नसतात. त्याच्या वतीने बोलणारे तिथे कोणीच नसते. शाळेने बोलायचे असते. निर्णय मोठ्यांचा आणि घाम लहानांचा, हे वाक्य इथे आठवावे. त्या पदकाकडे पाहताना मुलाच्या मनात जे येते, ते त्याला आयुष्यभर कोणाजवळ बोलता येत नाही.

दुबळ्याला हात देणे सोडावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. धडधाकट मुलगा कण्हतो म्हणून आईने अशक्ताची पोळी काढून घेतली, तर तिने न्याय केला असे होत नाही. तिने फक्त स्वतःचा त्रास वाचवला. सवलत असावी, जादा तास असावेत, मागे पडलेल्याला दोन पावले पुढून सुरुवात मिळावी. फक्त देणाऱ्याने गुणपत्रकाबरोबर मुलाकडेही पाहावे आणि घेणाऱ्याने आपल्यामागे रांगेत कोण उभे आहे, ते पाहावे. एनबीएला तीस संघ ओळखता येत नाहीत म्हणून चेंडूंची सोडत काढावी लागते. शाळेला आपली मुले नावानिशी ओळखता येतात, हे शाळेचे भाग्य आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी या मैदानावर असे सामने खेळले असतील, ज्यांचा निकाल मध्यंतरालाच लागला होता. ऊन कलले होते, प्रेक्षक घरी गेले होते, गुणफलक पुसायला शिपाई उभा होता आणि तरीही शेवटच्या मिनिटापर्यंत चढाई करणारा एखादा गडी होता. त्याचे नाव फलकावर नाही. पण शाळेची साठ वर्षे ज्या पायावर उभी आहेत, त्यात त्या चढाईचा दगड आहे. असे गडी आजही या सभागृहात बसलेले असतील; त्यांना आपली हार आठवत असेल आणि ती आठवताना मान खाली घालावी लागत नसेल.

जिंकणे प्रत्येकाच्या हाती नसते. हरण्याची रीत मात्र प्रत्येकाच्या हाती असते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने पालकांनी आपल्या मुलांना एकच गोष्ट सांगावी: सामना संपेपर्यंत खेळ. तुला त्यातून काही मिळणार नसले, तरी कोणीतरी तिसरा तुझ्या प्रामाणिकपणावर विसंबून उभा आहे.